बेळगावात राहून पत्रकारिता आणि प्रसारण कसं शिकावं

महानगरपालिकेचा आदेश कन्नडमध्ये, पोलिसांची प्रेसनोट कन्नडमध्ये, घटना डोळ्यांनी पाहिलेली बाई मराठीत सांगणार आणि बातमी वाचणारा वाचकही मराठी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात बातमीदाराचा रोजचा दिवस असा जातो. कॉलेजात इंट्रो (बातमीची सुरुवात) शिकवतात, संपादन शिकवतात, माध्यमांचा इतिहास शिकवतात. एका भाषेतला कागद दुसऱ्या भाषेत नेताना बातमी नेमकी कुठे मोडते, हे कुठल्याच पेपरला येत नाही. ते आपलं आपण शिकावं लागतं. पदवीची तीन वर्षं त्याला पुरतात, पण पहिल्या सत्रापासून सुरुवात केली तरच.

प्रवेश घेताना

२०२४-२५ पासून कर्नाटकात पदवी पुन्हा तीन वर्षांची झाली. २०२१-२२ ला आलेली चार वर्षांची ऑनर्स योजना मागे घेतली गेली. त्यामुळे आधीच्या बॅचमधल्या ताई-दादांचं वेळापत्रक पाहून आपलं गणित मांडू नका. पीयूसी (म्हणजे बारावी) कुठल्याही शाखेची असली तरी बी.ए.ला पत्रकारिता घेता येते. अर्ज यूयूसीएमएस या राज्याच्या विद्यापीठ-कॉलेज पोर्टलवर भरायचा असतो. तिथे हमखास अडचण येते ती नावाची. दहावीच्या गुणपत्रिकेत, आधारवर आणि पीयूसीच्या कार्डावर मराठी आडनावाची तीन स्पेलिंगं असतात, कारण कुणी ते मराठीवरून लिहिलेलं असतं, कुणी कन्नडवरून. अर्ज भरण्याआधी आधार दहावीप्रमाणे दुरुस्त करून घ्या. शिष्यवृत्तीचे पैसेही याच कारणाने अडकतात.

पत्रकारितेबरोबर दुसरे विषय कोणते घ्यायचे? कॉलेजात जोडणी मिळत असेल तर राज्यशास्त्र किंवा अर्थशास्त्र घ्या. जिल्हा पंचायतीचं अंदाजपत्रक, ऊसदर, पीक नुकसानीची भरपाई या बातम्या ज्याला आकडे कळतात त्यालाच लिहिता येतात. भाषा म्हणून मराठी बेळगावातल्या अनेक कॉलेजांत मिळते, ती सोडू नका.

प्रवेशाआधी कॉलेजात जाऊन चार गोष्टी विचारा. रेकॉर्डर आणि माइक किती आहेत आणि त्यातले चालू किती? प्रात्यक्षिकाचा तास आठवड्यात किती वेळा होतो? विद्यार्थ्यांचा सरावाचा अंक शेवटचा कधी निघाला? तो अंक हातात घेऊन बघा. आणि उत्तरपत्रिका कोणत्या भाषेत लिहिता येते? हा शेवटचा प्रश्न बरेच जण पहिल्या परीक्षेच्या आदल्या आठवड्यात विचारतात, तेव्हा काही करता येत नाही.

पदवीनंतर धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ आणि पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट हे जवळचे पर्याय. अमरावतीच्या आयआयएमसी केंद्रात मराठी पत्रकारितेचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. राज्य बदलताना मायग्रेशन सर्टिफिकेट आणि नव्या विद्यापीठाची पात्रता मंजुरी लागते. शेवटच्या सत्राचा निकाल लागला की त्याच आठवड्यात मायग्रेशनला अर्ज टाका, नाहीतर प्रवेश तात्पुरता राहतो आणि परीक्षेचा फॉर्म अडतो. महाराष्ट्राने दावा केलेल्या ८६५ गावांतल्या मराठी विद्यार्थ्यांसाठी तिकडे काही अभ्यासक्रमांत सवलत किंवा राखीव जागा असतात. माहितीपत्रकात ‘सीमाभाग’ हा रकाना शोधा आणि रहिवासाचा व मातृभाषेचा दाखला आधीच काढून ठेवा.

कन्नड कागद वाचायला शिकणं

बोलता येतं म्हणून वाचता येतं असं नाही. बाजारात कन्नड सफाईने बोलणारी मुलं पानभर सरकारी आदेश समोर आला की थबकतात. मराठी शाळेत दुसरी-तिसरी भाषा म्हणून झालेलं कन्नड इथे उपयोगी पडतं, पण त्याला सरकारी शब्दसंग्रहाची जोड हवी. सुत्तोले म्हणजे परिपत्रक, नडावळी म्हणजे सभेचं कार्यवृत्त, तेरिगे म्हणजे कर, वर्गावणे म्हणजे बदली, मुष्कर म्हणजे संप, तनिखे म्हणजे तपास. असे शंभरेक शब्द वहीत उतरवले की ऐंशी टक्के प्रेसनोटा डिक्शनरीशिवाय उलगडतात. कन्नड अंकही पक्के करा, काही कागदांवर तारीख आणि रक्कम त्याच अंकांत असते.

न समजणारे शब्द तुम्ही विचारून घेता, त्यामुळे ते फारसा धोका करत नाहीत. धोका असतो तो समजला असं वाटायला लावणाऱ्या शब्दांचा. कन्नड आणि मराठीत सारखेच दिसणारे पण अर्थाने वेगळे शब्द बातमी पार उलटी करतात. ‘अमानतु’ म्हणजे निलंबन, त्याचा अनामत रकमेशी काही संबंध नाही. ‘सेवेयिंद वजा’ म्हणजे नोकरीतून बडतर्फ. निलंबन आणि बडतर्फी यांत घोळ झाला तर संबंधित माणूस दुसऱ्या दिवशी कार्यालयात येतो, आणि त्याचं बरोबर असतं. ‘खंडने’ म्हणजे निषेध. मराठीत खंडन म्हणजे आरोप खोडून काढणं. नेत्याने एखाद्या घटनेचा निषेध केला असेल आणि तुम्ही ‘खंडन केले’ लिहिलंत, तर त्याने घटना घडलीच नाही असं म्हटल्यासारखं होतं. पोलीस ‘अनुमान’ म्हणतात तेव्हा त्यांना संशय म्हणायचं असतं. मराठी अनुमान त्याहून बरंच ठाम आहे. ‘परिहार’ म्हणजे नुकसानभरपाई. ‘अवकाश’ म्हणजे संधी; वेळ किंवा आभाळ नव्हे. या शब्दांची यादी भिंतीवर लावा आणि दर महिन्याला तीत भर घाला.

सरावाची एक पद्धत फार जुनी आणि फार चांगली आहे. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ ला निघालं ते दोन भाषांत, इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत. तसंच वहीचं पान मधोमध दुमडा. डावीकडे कन्नड प्रेसनोटेतलं एक वाक्य, उजवीकडे त्याचं मराठी. रोज दहा वाक्यं. दुसऱ्या दिवशी डावी बाजू झाकून उजवीकडचं मोठ्याने वाचा. जिथे अडखळाल तिथे कन्नडची वाक्यरचना तशीच राहून गेलेली असते. याच्या जोडीला एकच बातमी दोन मराठी पेपरांत, म्हणजे १९१९ पासून निघणाऱ्या ‘तरुण भारत’मध्ये आणि ‘पुढारी’च्या बेळगाव पानावर, आणि एका कन्नड दैनिकात रोज वाचा. कोणी कोणाचं म्हणणं आधी दिलं आणि कोणता आकडा गाळला, एवढंच टिपा.

टायपिंग इनस्क्रिप्टमध्येच शिका. इनस्क्रिप्टमध्ये सगळ्या भारतीय लिप्यांची अक्षरं त्याच त्या कळांवर असतात, म्हणजे मराठीसाठी बोटं बसली की फक्त भाषा बदलून कन्नडही टाइप होतं. सीमाभागातल्या विद्यार्थ्याला एवढा फायदा दुसरा कुठलाही कळफलक देत नाही. पेपरच्या डेस्कवर (संपादन विभागात) मात्र अजून जुन्या फॉन्टांची पानं लागतात. युनिकोडमधून तिकडे मजकूर नेताना रफार, ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ आणि अवघड जोडाक्षरं तुटतात. रूपांतरानंतर ‘दुसऱ्या’, ‘वऱ्हाड’, ‘कार्यकर्त्या’ असे शब्द शोधून तपासा.

नावं कशी लिहायची

कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ ए-ओ वेगळे आहेत, देवनागरीत तो भेद दिसत नाही. कन्नडवरून आलेलं आडनाव अंदाजाने लिहू नका. माणसाला विचारा, त्याच्याच हाताने लिहून घ्या. गावांच्या बाबतीत मराठी पेपर रूढ मराठी रूप वापरतात: हुबळी, सौंदत्ती, चिकोडी, निपाणी. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव ‘बेळगावी’ झालं, मराठी दैनिकं ‘बेळगाव’ लिहितात. बातमीत काय लिहायचं ते त्या पेपरची शैली ठरवते. आदेशातलं वाक्य अवतरणात देताना मात्र मूळ नाव तसंच ठेवा.

‘काय करालाय’ म्हणणाऱ्या माणसाचं बोलणं पुणेरी करून छापायची गरज नाही. तुमच्या स्वतःच्या वाक्यात प्रमाण भाषा, त्याच्या तोंडी त्याची. एकच काळजी: बोलीतलं वाक्य हसं करण्यासाठी निवडू नका. मंत्र्याचं वाक्य सुधारून आणि शेतकऱ्याचं जसंच्या तसं छापलं, तर तो उघड अन्याय आहे.

आकडे, जिथे बहुतेक चुका होतात

पहाणी उताऱ्यावर, म्हणजे इथल्या सातबारावर, क्षेत्र ‘३-२०’ असं दिसतं. नवखा बातमीदार ‘३.२० एकर’ लिहितो. ते तीन एकर वीस गुंठे आहे, एकरात चाळीस गुंठे, म्हणजे साडेतीन एकर. कागल-चंदगडकडच्या सातबारावर तीच जमीन १ हेक्टर ४१.६४ आर अशी दिसेल. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांची भरपाई एका बातमीत देणार असाल, तर आधी दोन्ही एकाच एककात आणा. एक हेक्टर म्हणजे २.४७ एकर, एक आर जवळजवळ एक गुंठा.

पावसाळ्यात पुराच्या बातम्या येतात आणि आकड्यांचा सगळा कस तिथे लागतो. क्युसेक म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी वाहतं तो वेग. टीएमसी म्हणजे साठा, एक अब्ज घनफूट. धरणातून ‘५० हजार टीएमसी सोडले’ असं वाक्य छापून येतं ते या दोहोंच्या गोंधळातून. मनात एकच सूत्र ठेवा: एक लाख क्युसेकने चोवीस तास पाणी वाहिलं तर ८.६४ टीएमसी होतं. आता कृष्णेत १ लाख २० हजार क्युसेक चालू असेल तर दिवसाला सुमारे १०.४ टीएमसी. अलमट्टीची क्षमता १२३ टीएमसी. या दोन आकड्यांवरून पुढचा प्रश्न कोणता विचारायचा ते लगेच सुचतं.

बेरीज करतानाही सांभाळा. कोयनेतून सोडलेलं पाणी कऱ्हाड, सांगली करत राजापूर बंधाऱ्यापर्यंत येतं. म्हणून कोयनेचा विसर्ग आणि राजापूरचा विसर्ग यांची बेरीज केली तर तेच पाणी दोनदा मोजलं जातं. चिकोडी तालुक्यात कल्लोळजवळ कृष्णेचा प्रवाह काढायचा असेल तर राजापूरचा आकडा आणि दूधगंगेचा आकडा मिळवायचा. प्रत्येक आकड्यासमोर वेळ लिहा. सकाळी आठचा राजापूरचा आणि दुपारी चारचा दूधगंगेचा आकडा मिळवून काहीच हाती लागत नाही. बेळगाव शहराला पाणी पुरवणाऱ्या राकसकोप जलाशयाची पातळी फुटांत सांगतात, ती समुद्रसपाटीपासूनची उंची असते. कालच्या पातळीशी तुलना करून ‘दीड फुटाने वाढ’ असं लिहिलं की टिळकवाडीतल्या वाचकाला कळतं.

कार्यालयांची नावंही दोन राज्यांत वेगळी. ग्रामसेवकाच्या जागी इथे पीडीओ, सातबाराच्या जागी पहाणी, महावितरणच्या जागी हेस्कॉम. बेळगाव शहराला पोलीस आयुक्त आहेत, जिल्ह्याच्या उरलेल्या भागाला पोलीस अधीक्षक. येळ्ळूरची घटना कुणाच्या हद्दीत, संकेश्वरची कुणाच्या, हे एकदा नकाशावर ठाणेवार मांडून ठेवा.

माहिती अधिकाराचा अर्ज तिसऱ्या सत्रात एकदा तरी टाकाच. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. कर्नाटकच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा. ‘गेल्या पाच वर्षांतील सर्व कामांची माहिती’ असं मागितलं तर अर्ज परत येतो. एक रस्ता, एक वर्ष, मंजूर रक्कम, ठेकेदार, काम पूर्ण झाल्याची तारीख, एवढंच मागा. कायद्याच्या कलम ६ नुसार अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा असतो. इथे राजभाषा कन्नड, म्हणून मराठीतल्या अर्जावर भाषेचं कारण दाखवून काम थांबू शकतं. कन्नड किंवा इंग्रजीतच लिहा आणि पोच घ्या.

आवाजाचं काम

मराठीत क्रियापद शेवटी येतं. कागदावर ते चालतं, वाचक मागे जाऊन वाचतो. रेडिओवर ऐकणारा वाक्य संपेपर्यंत अधांतरी राहतो. छापील वाक्य असं असतं: ‘अतिवृष्टीमुळे घरांची पडझड झालेल्या कुटुंबांना तातडीने भरपाई देण्याच्या मागणीसाठी ग्रामस्थांनी तहसीलदार कार्यालयासमोर काढलेल्या मोर्चाला आमदारांनी भेट दिली.’ हेच बोलण्यासाठी असं फोडा: ‘खानापूर तालुक्यात अतिवृष्टीने घरं पडली. या कुटुंबांना लगेच भरपाई द्या, अशी मागणी करत गावकऱ्यांनी आज तहसीलदार कार्यालयावर मोर्चा काढला. आमदारांनी मोर्चेकऱ्यांची भेट घेतली.’ एका वाक्यात बारा ते पंधरा शब्द. ‘झालेल्या’, ‘केलेल्या’, ‘असलेल्या’ यांपैकी दोन एकाच वाक्यात आले की ते वाक्य तोडायचं.

नकारसुद्धा शेवटीच येतो. ‘उद्या शहापूर भागात पाणी येणार नाही’ यातला ‘नाही’ श्वास संपल्यामुळे बुडाला की अर्ध्या गावाला पाणी येणार असंच ऐकू येतं. वाक्याच्या शेवटी आवाज खाली नेण्याची सवय मोडायची असेल तर शेवटच्या दोन शब्दांखाली पेन्सिलने रेघ मारून वाचा.

आकडे अक्षरांत लिहा. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी इथे माइकसमोर भले भले चुकतात. उच्चारात च, ज, झ यांच्या दोन छटांकडे लक्ष द्या: चाक, चूक, जाळं, झाड दंततालव्य, चहा, चंद्र, जन्म तालव्य. कन्नडमध्ये हा भेद नाही, त्यामुळे घरात दोन्ही भाषा असणाऱ्या मुलांचा ‘चाक’ हळूहळू तालव्य होतो आणि त्यांना ते कळतही नाही. रोज पाच मिनिटं बातमीपत्र मोठ्याने वाचा, रेकॉर्ड करा, दुसऱ्या दिवशी ऐका. वाचनाचा वेग मिनिटाला ११० ते १२० शब्द. सामासिक शब्दांनी भरलेली कॉपी असेल तर त्याहून कमी.

माइक तोंडापासून वीतभर, पंधरा-वीस सेंटीमीटर, आणि किंचित बाजूला. समोर धरला की प, फ, भ ला धप्प असा हवेचा झटका बसतो. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ वेव्ह फाइलमध्ये करा. मोनो, १६ बिट असेल तर मिनिटाला सुमारे पावणेसहा एमबी जागा लागते. मीटर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये खेळू द्या. शून्याला टेकलेला आवाज फाटतो आणि तो नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने पूर्ववत होत नाही. एमपीथ्री फक्त शेवटी पाठवताना काढा, कारण एमपीथ्रीवर पुन्हा पुन्हा संपादन केलं की प्रत्येक वेळी आवाज उतरतो. संपादनासाठी ऑडॅसिटी फुकट मिळतं.

बेळगावचा पाऊस पत्र्यावर पडायला लागला की घरात रेकॉर्डिंग जमत नाही. कपड्यांचं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून बसा, पाठीमागे जाड चादर टांगा. मुलाखत कुठेही घ्या, शेवटी सगळ्यांना गप्प बसवून त्या जागेचा तीस सेकंद नुसता आवाज घ्या. वाक्यं कापून जोडताना मध्ये जी पोकळी राहते ती याने भरते. ही तीस सेकंदं नव्वद टक्के विद्यार्थी विसरतात.

ऐकायला आणि शिकायला जागा आहेत. आकाशवाणी धारवाड ८ जानेवारी १९५० पासून आहे, मुख्यतः कन्नड. मराठीसाठी सांगली आणि कोल्हापूर केंद्रं लावा. आकाशवाणीच्या युववाणी कार्यक्रमात तरुणांना सहभाग मिळतो. केंद्राकडे पत्र लिहून विषय सुचवा, सोबत दोन मिनिटांचा आवाजाचा नमुना जोडा. नैमित्तिक निवेदकांची निवड लेखी परीक्षा आणि आवाज चाचणीतून होते. शहरातच केएलईचं ‘वेणुध्वनी’ ९०.४ हे सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. सामुदायिक केंद्रात तंत्रज्ञ, निवेदक आणि संपादक ही तिन्ही कामं बघता येतात, मोठ्या केंद्रात तेवढी मोकळीक नसते.

कॅमेरा

पहिलं वर्ष मोबाइलवर काढा, कॅमेऱ्यासाठी घरच्यांकडे हट्ट नको. त्यापेक्षा साधा ट्रायपॉड आणि कॉलरला लावायचा तारेचा माइक घ्या. प्रेक्षक थोडं धूसर चित्र सहन करतो, न ऐकू येणारा बाइट (माणसाचं कॅमेऱ्यासमोरचं बोलणं) सहन करत नाही.

सेटिंग अशी: मोबाइल आडवा, १९२० बाय १०८०, सेकंदाला २५ फ्रेम, शटर सेकंदाचा पन्नासावा भाग. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. मोबाइल ३० फ्रेमवर ठेवला तर ट्यूबलाइटखाली पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसतात. कॉलेजच्या सभागृहातले निम्मे व्हिडिओ त्यामुळे बाद होतात. व्हाइट बॅलन्स, म्हणजे प्रकाशाप्रमाणे रंग जुळवणारी सेटिंग, ऑटोवर नको. उन्हात ५६०० केल्विन, पिवळ्या दिव्याखाली ३२००. बाइट घेताना फोन एअरप्लेन मोडवर, नाहीतर नेमक्या वाक्यावर कॉल येतो. बहुतेक मोबाइल फ्रेमचा वेग आपोआप वरखाली करतात, त्यामुळे लांब मुलाखतीत ओठ आणि आवाज हळूहळू वेगळे पडतात. वेग कायम ठेवणारं कॅमेरा ॲप वापरा किंवा मुलाखत पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांत घ्या.

प्रत्येक शॉट मनात दहा अंक मोजून धरा. वाइड, मिड, चेहरा, हात, आणि एक शॉट त्या माणसाच्या नजरेतून. शनिवार खूट किंवा एपीएमसी बाजारात जाऊन एकाच विक्रेत्याचे हे पाच शॉट घ्या, परवानगी विचारून. असे दहा वेळा केले की पॅकेज, म्हणजे चित्रं, बाइट आणि निवेदन जोडलेली बातमी, जुळवताना चित्र कमी पडत नाही.

दीड मिनिटाचं पॅकेज असं बसतं: दोन बाइट, प्रत्येकी बारा सेकंद, पीटूसी (बातमीदाराचं कॅमेऱ्याकडे पाहून बोलणं) पंधरा सेकंद, उरलेली पन्नासेक सेकंदं व्हीओ (चित्रांवर वाचलेला मजकूर), म्हणजे शंभरच्या आसपास शब्द. विद्यार्थी दोनशे शब्द लिहितात आणि मग पळत वाचतात. कन्नड बाइट मराठी बातमीत वापरताना पहिली दोन सेकंदं मूळ आवाज मोकळा ठेवा, मग त्याखाली मराठी मजकूर द्या. बाइट घेताना ‘हं, हं’ करू नका, मान हलवा. तुमचा हुंकार कापता येत नाही.

१ नोव्हेंबरला वार्तांकन करताना

त्या दिवशी शहरात राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि मराठी भाषकांचा काळा दिन असतो. जानेवारीत १७ तारखेला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांचा हुतात्मा दिन. डिसेंबरच्या सुमारास सुवर्णसौधात विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की कोंडसकोप्पजवळ रोज आंदोलनं. विद्यार्थ्याला शिकायला याहून मोठी शाळा नाही, पण इथे तुमचा एक शब्द रस्त्यावर पोचतो. मराठी माणूस म्हणून तुमचं मत असेल, ते असूद्या. बातमीत मात्र दोन्ही मिरवणुकांचं नाव, मार्ग, वेळ, परवानगी आणि अंदाजे संख्या सारख्याच काटेकोरपणे द्या. संख्या कुणी सांगितली तेही लिहा. घोषणेचं भाषांतर करून तिखट करू नका. न पाहिलेल्या दगडफेकीचा व्हिडिओ पुढे पाठवू नका. तो बऱ्याचदा दुसऱ्या गावचा, दुसऱ्या वर्षाचा असतो.

कायद्याची काही कलमं पाठ हवीत, आणि नव्या क्रमांकांनी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. भाषेसह अन्य कारणांनी गटांत वैर पसरवण्याचं कलम १९६, बदनामीचं ३५६, बलात्कार पीडितेची ओळख उघड करण्याचं ७२. पूर्वीचं १४४ कलम आता नागरिक सुरक्षा संहितेचं १६३ आहे. पेपरांत अजून जुना आकडा दिसतो, तुम्ही नवा लिहा. बालकांबाबत पोक्सोचं कलम २३ आणि बालन्याय कायद्याचं कलम ७४. नाव गाळलं पण शाळा, गल्ली आणि वडिलांचा धंदा लिहिला तर लहान गावात ओळख उघड झालीच. ‘तालुक्यातील एका गावात’ एवढंच लिहा.

डेस्कवर पाऊल ठेवताना

पाचव्या सत्रानंतर इंटर्नशिप मागायला जाताना छापील बायोडेटापेक्षा कामाचा नमुना न्या. एका माहिती अधिकार अर्जावरून लिहिलेली बातमी, पाच मिनिटांचं वाचलेलं बातमीपत्र, एक दीड मिनिटाचं पॅकेज आणि एका कन्नड आदेशाचं मूळ व मराठी शेजारशेजार. शेवटचा नमुना बहुतेक कुणाकडे नसतो. साहित्य संमेलनाच्या एखाद्या भाषणाचा वृत्तांतही ठेवा. कडोली, उचगाव, येळ्ळूरची संमेलनं त्या सरावाला उत्तम. अध्यक्षीय भाषण पन्नास मिनिटांचं, बातमी दोनशे शब्दांची.

कामाची वेळ आधी समजून घ्या. डाक आवृत्तीची, म्हणजे बाहेरगावी जाणाऱ्या अंकाची, पानं लवकर सुटतात, शहर आवृत्तीची रात्री उशिरा. खानापूर किंवा अथणीची बातमी रात्री दहाला पाठवलीत तर ती डाकेच्या पानात लागणार नाही, म्हणजे ज्या गावाची आहे तिथेच ती पोचणार नाही. संध्याकाळी साडेपाचपर्यंत तीन ओळी तरी पाठवा: काय, कुठे, किती. खाली बातमी देणाऱ्याचं नाव आणि फोन उपसंपादकासाठी, छापण्यासाठी नाही. फोटोला ओळ लावा, त्यात डावीकडून उजवीकडे नावं. फाइलचं नाव तारीख, गाव आणि विषय असं द्या. ‘न्यू फोटो १’ नावाच्या चाळीस फाइली रोज डेस्कवर येऊन पडतात, आणि रात्री साडेअकराला त्यातली एकही सापडत नाही.